बंगालच्या उपसागरातील भोवरे

चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावरून समोर पाहिले, तर लाटांपलीकडे काही विशेष घडत असेल अशी शंकाही येत नाही. परंतु त्या पाण्यातून एक मोठा प्रवाह वाहतो. फेब्रुवारी ते मे तो किनाऱ्याच्या कडेने उत्तरेस जातो. पावसाळा सरल्यावर दिशा पालटून दक्षिणेस येतो. नकाशावर त्याच्यासाठी एक बाण काढतात. बाण ही आम्हां कचेरीतल्या मंडळींची सोय झाली. प्रवाह इतका सरळ कधीच जात नाही.

प्रवाहाच्या मध्यभागी पाणी वेगाने जाते, कडेला सावकाश. त्यामुळे एखादे लहानसे वळण पडले, की ते प्रवाहाचीच शक्ती घेऊन वाढू लागते. वळण फुगते, त्याची मान बारीक होते, आणि अखेर मानेपाशी प्रवाह स्वतःलाच मिळून सरळ वाट धरतो. बाजूला राहतो तो तुटलेला फेरा. नदीचे नागमोडी वळणही असेच तुटते. पण तेथे उरते ते साचलेले तळे. समुद्रातला फेरा मात्र शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीचा भोवरा होऊन, आपले पाणी पोटात घेऊन, कित्येक आठवडे फिरत राहतो व हळूहळू पश्चिमेकडे सरकतो.

तो कोणत्या बाजूने फिरतो, याला फार महत्त्व आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाहते पाणी उजवीकडे झुकते. म्हणून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणाऱ्या भोवऱ्यात पाणी मध्याकडे साचते. पृष्ठभाग वीतभर उंचावतो आणि उबदार थर खोलवर जातो. उलट फिरणाऱ्या भोवऱ्यात मध्य खचतो व खालचे गार, पोषक पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यामागे मासळी येते. काशीमेडूच्या कोळ्याला यातच रस असणार.

उबदार भोवरा मात्र भयंकर ठरू शकतो. चक्रीवादळ समुद्र घुसळते, खालचे गार पाणी वर आणते आणि त्यानेच स्वतः दुबळे होते. उबदार थर जाड असला, की हा लगाम सुटतो. 2008 साली म्यानमारवर कोसळलेले नर्गिस वादळ अशाच जाड उबदार थरावरून जाताना झपाट्याने बळावले होते.

उन्हाळ्यात सारा उपसागर वरवर सारखाच तापलेला असतो. पृष्ठभागाचे तापमान पाहून आतली उष्णता कळत नाही. ती कळते उंचीवरून. 25 फेब्रुवारी 2013 रोजी चेन्नईच्या उत्तरेस असलेल्या श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘सरल’ हा भारत-फ्रान्सचा उपग्रह ही वीतभर उंचीच मोजण्यासाठी होता.