सहा मैलांचा चौकोन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा मोठा नकाशा वर्गात लावला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, इथल्या हद्दी पट्टीने आखल्यासारख्या सरळ कशा?" आपल्याकडे तालुक्याची हद्द कुठे ओढ्याकाठाने जाते, कुठे डोंगराची धार धरते. तिकडे मात्र राज्याच्या आत डोकावले तरी चौकोनच दिसतात. राज्यात चौकोनी काउंटी, काउंटीत चौकोनी टाउनशिप आणि टाउनशिपमध्ये चौकोनी शेते.

हे चौकोन कोणी आखले आणि त्यांच्यात राहणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हे समजून घ्यायला आपण एकच काउंटी निवडू. तिचे नाव स्मिथ काउंटी. ती कॅन्सस राज्याच्या उत्तर कडेला आहे. कॅन्ससमध्ये अशा १०५ काउंट्या आहेत. स्मिथ काउंटीची उत्तर हद्द म्हणजेच कॅन्सस आणि नेब्रास्का या राज्यांमधली हद्द, आणि ती नेमकी ४० अंश उत्तर अक्षवृत्तावर आखलेली आहे.

साखळी आणि चौकोन

१७८५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने जमीनमोजणीचा एक कायदा केला. नव्या प्रदेशातली जमीन विकण्यापूर्वी तिचे सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असे चौकोन पाडायचे, असे त्यात ठरले. अशा एका चौकोनाला टाउनशिप म्हणतात. त्याचे पुन्हा ३६ भाग करायचे. एक भाग, म्हणजे एक सेक्शन, एक चौरस मैलाचा असतो. त्यात ६४० एकर जमीन येते.

मोजणी गंटरच्या साखळीने होत असे. ही साखळी ६६ फुटांची. अशा ८० साखळ्यांचा एक मैल आणि १० चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. मुंबई इलाख्यातल्या महसूल मोजणीत याच साखळीच्या निम्मी, म्हणजे ३३ फुटांची साखळी वापरत. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे आपला एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. सातबाऱ्यावरचा गुंठा आणि कॅन्ससचा सेक्शन यांचे मोजमाप असे एकाच घराण्यातले आहे.

३६ सेक्शनना क्रमांक देण्याची पद्धतही गमतीची आहे. ईशान्य कोपऱ्यात १ पासून सुरुवात करून पश्चिमेकडे ६ पर्यंत जायचे. मग खालच्या ओळीत पश्चिमेकडून पूर्वेकडे ७ ते १२. तास संपल्यावर बैल वळवावेत तसे वळत वळत आग्नेय कोपऱ्यात ३६ वर पोचायचे. त्यातला १६ वा सेक्शन शाळेसाठी राखून ठेवायचा, असे १७८५ च्या कायद्यातच होते. कॅन्सस आणि नेब्रास्काच्या १८५४ सालच्या कायद्याने त्यात ३६ व्याची भर घातली. शाळा त्याच जागेवर बांधलीच पाहिजे असे नव्हते. त्या जमिनीचे उत्पन्न शाळांसाठी वापरायचे होते. वस्ती होण्याआधीच शाळेच्या खर्चाची तरतूद झालेली होती.

पृथ्वी गोल असल्यामुळे एक अडचण येते. उत्तरेकडे जाताना रेखावृत्ते एकमेकांजवळ सरकतात. ४० अक्षांशाच्या आसपास सहा मैलांच्या चौकोनाची उत्तर बाजू दक्षिण बाजूपेक्षा सुमारे ४० फुटांनी आखूड भरते. गोलावर चौकटीचा कागद सुरकुती न पडता चिकटत नाही, हे मुलांना चेंडूवर करून दाखवता येईल. मोजणीदार हा फरक टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनमध्ये सामावून घेत. शिवाय काही अंतराने सुधारणेची नवी रेषा आखून पुन्हा पूर्ण मापाने सुरुवात करत.

पत्ता शोधा

कॅन्ससमधल्या मोजणीचे दोन आधार आहेत. ४० अंशाचे अक्षवृत्त ही पायारेषा आणि सुमारे ९७ अंश २२ मिनिटांवरचे सहावे मुख्य रेखावृत्त. स्मिथ काउंटी पायारेषेच्या दक्षिणेला पहिल्या पाच ओळींत आणि मुख्य रेखावृत्ताच्या पश्चिमेला ११ ते १५ या पाच स्तंभांत बसते. पाच गुणिले पाच म्हणजे २५ टाउनशिप. मोजणीच्या या टाउनशिपांखेरीज कारभारासाठीही टाउनशिप असतात. स्मिथ काउंटीत त्यांची संख्याही २५ आहे. ओक, सीडर, लिंकन, वॉशिंग्टन अशी त्यांची नावे आहेत. काउंटीचे क्षेत्रफळ २५ गुणिले ३६, म्हणजे ९०० चौरस मैल यायला हवे. प्रत्यक्षात जमीन सुमारे ८९५ चौरस मैल (२३१८ चौ. किमी) आहे.

आता एक उदाहरण सोडवू. या काउंटीतल्या लेबनन गावाजवळ ३९ अंश ५० मिनिटे उत्तर आणि ९८ अंश ३५ मिनिटे पश्चिम असा एक बिंदू आहे. तो कोणत्या सेक्शनमध्ये येतो?

पायारेषेपासून तो १० मिनिटे दक्षिणेला आहे. अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १.१५ मैलांचे असते, म्हणजे अंतर झाले साडेअकरा मैल. म्हणून बिंदू दुसऱ्या टाउनशिपमध्ये, तिच्या सर्वांत खालच्या ओळीत पडतो. मुख्य रेखावृत्तापासून तो १ अंश १३ मिनिटे पश्चिमेला आहे. या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे ५३ मैलांचा असतो, म्हणून अंतर साधारण साडेचौसष्ट मैल. अकरावा स्तंभ ६० ते ६६ मैलांवर येतो, आणि बिंदू त्याच्या पूर्व कडेपासून पाचव्या मैलात आहे. नागमोडी क्रमांक मोजत गेल्यास उत्तर मिळते ३२.

हा बिंदू कशाचा?

हा संयुक्त संस्थानांच्या सलग भूभागाचा भौगोलिक मध्यबिंदू मानतात. अलास्का आणि हवाई त्यात धरलेले नाहीत. १९१८ साली तिथल्या किनारा व भूमापन खात्याने तो शोधला. पद्धत अगदी साधी होती. देशाच्या आकाराचा पुठ्ठा कापला आणि तो कोणत्या बिंदूवर तोलला जातो ते पाहिले. अशा रीतीत काही मैलांची चूक राहणारच. तरीही लेबननजवळ स्मारक उभे राहिले. नेमका बिंदू शेतात असल्यामुळे स्मारक तिथून थोड्या अंतरावर आहे. १९५९ साली अलास्का आणि हवाई यांना राज्याचा दर्जा मिळाला आणि सगळ्या देशाचा मध्य साउथ डकोटा राज्यात गेला. लेबननकडे उरला तो सलग ४८ राज्यांचा मध्य.

असा हा देशाचा मध्य. पण तिथे माणसे किती? लेबनन गावाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १७८ होती.

माणसांचे गणित

संपूर्ण काउंटीचे आकडे फळ्यावर लिहा:

१८७० – ६६
१८८० – १३,८८३
१९०० – १६,३८४
१९३० – १३,५४५
१९४० – १०,५८२
१९८० – ५,९४७
२०२० – ३,५७०

पहिला आकडा जपून वाचायला हवा. ६६ म्हणजे प्रदेश ओसाड होता असे नाही. पॉनी आणि इतर जमाती या गवताळ मैदानात रानगव्यांची शिकार करत आल्या होत्या. पण 'कर न देणारे इंडियन' म्हणून अशा जमातींना तेव्हाच्या जनगणनेत धरतच नसत. पॉनी लोकांना १८७० च्या दशकात आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले. जनगणना कोणाला मोजते आणि कोणाला वगळते, हा प्रश्न कोणताही तक्ता वाचताना विचारावा.

पुढच्या दहा वर्षांत लोकसंख्या दोनशे पटींहून अधिक वाढली. त्यामागे १८६२ चा होमस्टेड कायदा होता. कुटुंबप्रमुखाने पाव सेक्शन, म्हणजे १६० एकर जमीन मागायची, तिथे घर बांधून पाच वर्षे राहायचे, जमीन कसायची. मग किरकोळ शुल्कात ती त्याच्या मालकीची होई.

आता मुलांना एक हिशेब करायला सांगा. एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन आणि प्रत्येकाचे चार तुकडे, म्हणजे १४४ कुटुंबे. घरात पाच माणसे धरली तर ७२०. अशा २५ टाउनशिप म्हणजे १८,०००. प्रत्यक्षातली सर्वाधिक नोंद आहे १९०० सालची १६,३८४. हिशेब ढोबळ आहे. सगळी जमीन होमस्टेडमध्ये गेली नव्हती आणि या आकड्यात गावांतले व्यापारी, कारागीरही आहेत. तरीही दोन आकडे इतके जवळ यावेत ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. किती माणसे मावणार हे तुकड्याच्या आकारानेच जवळजवळ ठरवून टाकले होते.

पाऊस चौकोन पाळत नाही

निसर्गाने मात्र हे १६० एकर मान्य केले नव्हते. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी ओलसर हवा पश्चिमेकडे जाताना कोरडी होत जाते. १०० अंश पश्चिम रेखावृत्ताच्या आसपास वार्षिक पाऊस २० इंचांपर्यंत उतरतो. तिथून पुढे केवळ पावसावरची शेती बेभरवशाची, असे भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ सालच्या अहवालात दाखवले. कोरड्या प्रदेशात चराईसाठी एका कुटुंबाला २,५६० एकर हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते फारसे कोणी ऐकले नाही.

स्मिथ काउंटी या रेषेच्या थोडी पूर्वेला आहे. त्यामुळे इथे गहू, मका आणि ज्वारी पिकते. गहू शरद ऋतूत पेरून पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढतात. ज्वारी मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी जाते. चांगल्या पावसाच्या वर्षी १६० एकर पुरत, वाईट वर्षी पुरत नसत. १९३० च्या दशकात सलग दुष्काळ पडला, धुळीची वादळे आली आणि शेतमालाचे भावही कोसळलेले होते. त्या दहा वर्षांत काउंटीतल्या दर पाच माणसांमागे एकाहून अधिक कमी झाला.

दुष्काळ संपला, पण घट थांबली नाही. ट्रॅक्टर आणि कापणी-मळणीची एकत्र यंत्रे आली. एक कुटुंब पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जमीन कसू लागले आणि शेजाऱ्याची जमीन विकत घेऊ लागले. आज कॅन्ससमध्ये एका शेतीघटकाची सरासरी सुमारे ८०० एकर आहे. पुन्हा तोच हिशेब करा. टाउनशिपचे २३,०४० एकर भागिले ८०० म्हणजे साधारण २९ शेते. प्रत्येक घरात अडीच माणसे धरली तर सुमारे ७०. म्हणजे ७२० च्या जागी ७०, आणि जमीन मात्र पडीक नाही. माणसे कमी झाली म्हणून शेती बुडाली, असा निष्कर्ष इथे चुकीचा ठरेल.

गावातून तरुण बाहेर पडतात तेव्हा लोकसंख्या दोनदा घटते. एकदा जाणाऱ्यांमुळे आणि दुसऱ्यांदा त्यांची मुले दुसरीकडे जन्मल्यामुळे. मागे राहतात ती वयस्क माणसे.

रस्ते कोणी सांभाळायचे?

या आकड्यांची झळ कुठे लागते? टाउनशिपमधल्या प्रत्येक सेक्शनरेषेवर रस्ता धरला तर एका टाउनशिपच्या वाट्याला सुमारे ७२ मैल रस्ते येतात. ७२० माणसे होती तेव्हा मैलामागे दहा जण होते. ७० झाल्यावर मैलामागे एक जण उरतो. रस्त्यावरचा मुरूम, पूल, शाळेची बस, दवाखाना यांचा खर्च माणसांच्या प्रमाणात कमी होत नाही. सगळा चौकोन आणि त्यातले अंतर तेवढेच राहते. आज काउंटीची घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे दीड माणूस आहे. ज्यांच्या शाळेची तरतूद वस्ती होण्याआधीच केली होती, तिथे आता शाळेत मुले किती येतील याची चिंता आहे.

करून पाहा

आपल्या जिल्ह्याचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून कापा. कडेला एका ठिकाणी टाचणी टोचून तो मोकळा लटकवा. टाचणीला दोऱ्याचा ओळंबा बांधून त्याची रेषा पुठ्ठ्यावर काढा. आणखी दोन ठिकाणी टोचून तेच करा. तिन्ही रेषा जिथे छेदतात तो जिल्ह्याचा भौगोलिक मध्य.

आता प्रत्येक तालुक्याच्या जागी, तिथल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, मेणाच्या किंवा मातीच्या गोळ्या चिकटवा आणि पुन्हा लटकवा. नव्या रेषा वेगळ्या बिंदूत छेदतील. पुठ्ठ्याचे वजन गोळ्यांच्या मानाने जितके कमी, तितका हा बिंदू लोकसंख्येच्या मध्याजवळ येईल. तो कोणत्या दिशेला सरकला आणि का, हे मुलांनाच सांगू द्या.

अमेरिकेत लोकसंख्येचा मध्य १७९० साली पूर्वेला मेरीलँडमध्ये होता. दर जनगणनेला तो पश्चिमेकडे आणि पुढे नैर्ऋत्येकडे सरकत गेला, आणि २०२० साली मिसूरी राज्यातल्या हार्टव्हिल गावाजवळ पोचला. स्मिथ काउंटीतला ३२ व्या सेक्शनमधला बिंदू मात्र आहे तिथेच आहे. जमिनीचा मध्य एकदा मोजला की पुरतो. माणसांचा मध्य दर दहा वर्षांनी नव्याने शोधावा लागतो.