पाळीचा कागद

मुरुड म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकापुढे समुद्र आणि जंजिरा उभा राहतो. मी म्हणतो ते मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचे, काळ्या मातीतले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ओळखीचे दुकानदार माझ्याकडे कर्जाचा सल्ला विचारायला येतात. इथल्या एका कापडदुकानदाराचे गाऱ्हाणे मात्र वेगळे होते. "साहेब, पगार वेळेवर देतो, दिवाळीला कपडे करतो, तरी माणसं टिकत नाहीत."

मी हजेरीपुस्तक मागितले. बहुतेक खाडे सणावाराच्या आसपासचे होते. सुटी मागितली की मालक 'बघू' म्हणत, आणि त्या 'बघू'चा अर्थ आदल्या रात्रीपर्यंत कळत नसे. मग माणूस न सांगताच घरी राही, त्याचा दिवस कापला जाई आणि दोघांचीही मने कडवट होत. साड्यांच्या विभागातल्या बाईंची मुलगी लातूरला वसतिगृहात राहून शिकते. तिला भेटायला महिन्यातून एक रविवार हवा, म्हणून या माऊलीला दर खेपेस धडधाकट लेकीला आजारी पाडावे लागे!

वेळापत्रक हा शब्द आपल्याला रेल्वेचा वाटतो, पण त्यातली कल्पना आपल्याला परकी नाही. सामाईक विहिरीवर भावाभावांत पाण्याची पाळी ठरलेली असते. आज कुणाचे पाणी हे विचारायला कुणी कुणाच्या दारात जात नाही. दुकानातही तसेच हवे.

आम्ही कागद घेऊन बसलो. दुकान सातही दिवस उघडे, माणसे आठ. प्रत्येकाने सहा दिवस काम केले तर आठवड्याचे ४८ मनुष्यदिवस होतात. बाजाराच्या दिवशी आठही जण हवेत, उरले ४०. त्यातून चार दिवस सात-सात आणि दोन मंद दिवशी सहा-सहा माणसे बसतात. आठही जणांना सुटी मिळून दुकान अडत नाही! रविवार मात्र सगळ्यांनाच हवा, म्हणून तो पाळीने फिरता ठेवला. दोघांना आपसांत दिवस बदलायचा असेल तर मुभा, फक्त आधी सांगायचे. पुढच्या महिन्याचा कागद पंधरा दिवस आधी भिंतीवर लागला पाहिजे, एवढी एकच अट मी घातली.

खरी अडचण गल्ल्यावर होती. तिथे मालकांशिवाय कुणी बसत नसे. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात; एक जण रजेवर जायचा तर किल्ली आधी कुणाच्या तरी हवाली करावी लागते. ज्या कामाला एकच माणूस आहे, त्या माणसाला कधीच सुटी नसते, मग तो मालक का असेना. गल्ल्यावर दुसरा माणूस तयार करायचे मालकांनी कसेबसे कबूल केले.

मग निघाली वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी आमच्या लातूर-धाराशिवकडे गावे ओस पडतात. जो तो शेतात भज्जी आणि आंबिलावर बसलेला असतो. त्या दिवशी दुकान उघडून दाखवायचे कुणाला? तो दिवस सरळ बंद लिहिला. ईद, पोळा, ज्याचा त्याचा सण वर्षाच्या सुरुवातीलाच नोंदवून घेतला.

आठवड्याची सुटी ही मालकांची मेहेरबानी नव्हे, हे आपल्याकडे फार पूर्वी भांडून ठरले आहे. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, हाही त्या मागणीतला एक मुद्दा होता. पुढे १९४८ च्या मुंबई कायद्याने दुकानालाच आठवड्यातून एक दिवस बंद ठेवले. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने दुकानाला सातही दिवस मोकळीक दिली, पण कामगाराची सलग चोवीस तासांची सुटी राखली. मात्र दहापेक्षा कमी माणसांची दुकाने तेव्हाच या कायद्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर राहिली. म्हणजे आमच्या आठ जणांच्या सुटीला आधार त्या भिंतीवरच्या कागदाचाच.

कागदाने पगार वाढत नाही आणि दिवाळीच्या गर्दीत तो मोडावाही लागतो. पण मोडला तर मोडला हे सगळ्यांना दिसते, आणि बुडालेली सुटी पुढच्या आठवड्यात मागता येते. बाईंचा रविवार आता कागदावर आहे. तो घ्यायला लेकीला आजारी पाडावे लागत नाही.

ही पुरवणी आपण रविवारी सकाळी निवांत वाचता आहात. आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींची सुटी कोणत्या वारी असते, हे एकदा घरात विचारून पाहा. उत्तर 'त्या सांगतात तेव्हा बघू' असे आले, तर एक कागद तिथेही लावायला हवा.