पीक वाढलं, गाव घटलं

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात 1908 च्या सुमारास ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीचे रूळ पश्चिमेकडे सरकत होते. पुढे होतं ते बहुतेक सपाट, गवताळ माळरान. कंपनीनेच ठरावीक अंतरावर स्टेशनं आखली आणि इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नावंही देऊन टाकली: फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जॅस्मिन, केलिहर. आधी स्टेशन, मग गाव, असा उलटा प्रकार.

अंतर घोड्यांच्या चालीवर बेतलेलं होतं. गव्हाची गाडी घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला माल घालून त्याच दिवशी घरी परतता यावं, म्हणून साधारण दहा ते सोळा किलोमीटरवर एकेक स्टेशन. रुळांलगत लाकडी एलेव्हेटर, म्हणजे धान्य तोलून वर चढवणारं आणि मग थेट वाघिणीत ओतणारं उंच कोठार. माल घालायला आलेला माणूस टपाल घेई, लोहाराकडून फाळ शेवटून घेई, किराणा भरी. गाव त्यावरच चाले. 1930 च्या दशकात कॅनडाच्या माळरानावर अशी साडेपाच हजारांहून अधिक कोठारं होती.

ही गावं ओसरली ती शेती बुडाली म्हणून नव्हे. भारतात आयात होणाऱ्या मसुरीतली बरीचशी याच प्रांतात पिकते. बदलला तो एकेका शेताचा आवाका. 1936 मध्ये सस्कॅचवानमध्ये सुमारे 1 लाख 42 हजार स्वतंत्र शेतं होती; 2021 मध्ये 34 हजार उरली. ट्रक आल्यावर पन्नास किलोमीटरवरचं मोठं गावही हाकेवर आलं. गिऱ्हाइकं तिकडे वळली, मग शाळाही.

रेल्वेचं गणित उशिरा बदललं. सरकार आणि रेल्वे कंपनी यांच्यातल्या 1897 च्या करारापासून धान्याचं भाडं सवलतीत बांधलेलं होतं. 1995 मध्ये सरकारने ही सवलत टिकवणारं अनुदान बंद केलं. शंभर-शंभर वाघिणी एकदम भरणाऱ्या काँक्रीटच्या टर्मिनलना रेल्वे सूट देऊ लागली; जुनी कोठारं पाडली गेली, अनेक फाटे उखडले.

मुळाक्षरांच्या गावांतले रूळ मात्र शाबूत आहेत. तो कॅनेडियन नॅशनलचा मुख्य मार्ग. लांबलचक मालगाड्या हबर्ड, फेनवुडवरून जातात, पण या दोन्ही गावांची वस्ती प्रत्येकी शंभराच्याही आत आली आहे. अशी गावं ठराव करून स्वतःची ग्रामपरिषद विसर्जित करू शकतात. मग बर्फ हटवण्यापासून करवसुलीपर्यंतचा कारभार भोवतालच्या ग्रामीण पालिकेकडे जातो.