हायड्रोजन स्वच्छ, पण साठवायचा कुठे?

हायड्रोजन हा ऊर्जेचा नवा स्रोत आहे, हा सर्वांत रुळलेला गैरसमज. मालीतील बूराकेबूगू गावासारखे अपवाद वगळले, तर तो जमिनीतून आयता मिळत नाही. पाण्यातून किंवा नैसर्गिक वायूतून सोडवून घ्यावा लागतो. विजेने पाण्याचे विघटन करणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमध्ये एक किलो हायड्रोजन तयार करायला ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते आणि त्यातून हाती येणारी ऊर्जा असते सुमारे ३३ युनिट. हिशेब तोट्याचाच, फायदा एवढाच, की उन्हाची किंवा वाऱ्याची जादा वीज नंतरसाठी राखता येते.

तो जळला की फक्त पाणी उरते, म्हणून तो नेहमीच स्वच्छ, असेही मानले जाते. प्रत्यक्षात आजचा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. वायूपासून एक किलो बनवताना साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारताच्या निकषानुसार 'हरित' म्हणवून घ्यायचे, तर ही मर्यादा २ किलो आहे.

हायड्रोजन बाँबशी इंधनाचा संबंध जोडणे चूकच. तिथे अणुकेंद्रे एकत्र येतात, इथे साधे ज्वलन होते. हायड्रोजन भरलेल्या हिंडेनबर्ग या हवाई जहाजाच्या १९३७ मधील आगीतही ९७ पैकी ६२ जण वाचले होते. धोका आहे तो वेगळा: हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात कुठेही तो पेट घेतो आणि दिवसा ज्योत दिसतही नाही.

हलका म्हणून न्यायला सोपा, ही समजूत मात्र संशोधकांची खरी डोकेदुखी झाकते. वजनाच्या मानाने त्यात पेट्रोलच्या जवळपास तिप्पट ऊर्जा असते, पण तो जागा फार खातो. टोयोटाच्या मिराई गाडीत तो ७०० बार दाबाने कोंबतात, तरी लिटरभर जागेत जेमतेम ४० ग्रॅम मावतो. पेट्रोल ७५० ग्रॅमच्या आसपास भरते. द्रवरूप करायचा तर उणे २५३ अंश सेल्सिअस तापमान हवे, आणि त्या थंडाव्यातच त्याच्या ऊर्जेच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी वीज जाते. शिवाय तो पोलादात शिरून ते ठिसूळ करतो, त्यामुळे जुन्या गॅसवाहिन्या तपासल्याशिवाय वापरता येत नाहीत.

धातूंत मुरवून ठेवण्याचा मार्गही अडतो. मॅग्नेशियम वजनाच्या ७.६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन धरते, पण सोडायला ३०० अंशांच्या आसपास तापवावे लागते. लँथनम-निकेल नेहमीच्या तापमानाला सोडते, पण धरते जेमतेम दीड टक्का. इंग्लंडमध्ये टीसाइडला १९७०च्या दशकापासून मिठाच्या थरातील पोकळ्यांत साठा होतो. असे थर सगळीकडे नाहीत. अमोनिया उणे ३३ अंशांनाच द्रव होतो आणि त्याची जहाजेही आहेत, पण त्यातून हायड्रोजन परत काढायला पुन्हा उष्णता लागते. म्हणून हरित अमोनिया तसाच खत कारखान्यात वापरणे सध्या अधिक परवडणारे ठरते.