गोष्ट लिहू पाहणाऱ्यांच्या चार चिठ्ठ्या

व्याख्यान संपले की व्यासपीठाकडे चिठ्ठ्या येऊ लागतात. आम्ही कामगार संघटनेचे काम करणारे. तेव्हा महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत, भविष्यनिर्वाह निधी यांविषयी चिठ्ठ्या याव्यात हे ठीकच. परंतु त्यांत दोनचार चिठ्ठ्या निराळ्या निघतात. गोष्ट कोठून सुरू करावी? ती 'मी' म्हणून सांगावी की 'तो' म्हणून? पात्रांच्या तोंडी कोणती भाषा घालावी? ओळखीच्या माणसावर लिहिले तर चालेल काय? चिठ्ठी लिहिणारा बहुधा मागच्या रांगेत बसलेला असतो, आणि चिठ्ठीवर नाव घालीत नाही.

आम्ही साहित्याचे पंडित नव्हे. शाळा दहावीला सुटली. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून. तरीपण तीस वर्षे आम्ही एक काम करीत आलो आहोत, ते म्हणजे माणसांच्या हकिकती ऐकून लिहून घेणे. या कामात दोन प्रकारचे कागद तयार होतात. एक मागणीपत्र आणि दुसरा जबानी. मागणीपत्रात 'सर्व कामगार' असतात. तेथे एकटा माणूस दिसत नाही, आणि त्यातच त्या कागदाचे बळ असते. जबानीत याच्या उलट. तेथे एकच माणूस, एकच पाळी, एकच यंत्र. गोष्ट ही जबानीच्या जातीची आहे, एवढे ध्यानात ठेवले तर या चारही चिठ्ठ्यांना उत्तर सापडते, असे आमचे मत आहे.

हे आम्ही चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात पॉवर प्रेसवर एका कामगाराची दोन बोटे गेली. यंत्राचे संरक्षक गार्ड काढून ठेवलेले होते. आम्ही त्यावर गोष्ट लिहिली आणि एक मेच्या कार्यक्रमात वाचून दाखविली. आमच्या गोष्टीतला कामगार रक्ताळलेली मूठ उगारतो आणि शोषणाविरुद्ध दहा वाक्ये बोलतो. टाळ्या पडल्या. कार्यक्रमानंतर तो गृहस्थ जवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, चांगलं लिहिलंय. पण मी तसलं काही बोललो नव्हतो. बोटं गेली तेव्हा मी पहिलं घड्याळ बघितलं. अर्धी पाळी राहिली होती. म्हटलं, आता खाडा लागणार."

आमची दहा वाक्ये त्या एका खाड्यापुढे फिकी पडली. ज्या माणसाला बोटांआधी रोज आठवतो, त्याच्या जिण्याविषयी आणखी काय सांगावयाचे उरते? आम्ही त्याची जबानी घेण्याऐवजी त्याच्या नावावर आमचे मागणीपत्र वाचले होते. 'गोष्टीत विचार कोठे घालावा?' असे पुष्कळजण विचारतात. विचार लेखकाच्या डोक्यात अवश्य असावा. त्याच्यामुळेच कोणता तपशील उचलावा हे कळते. पण वाचकाला तपशील द्यावा. निष्कर्ष त्याचा त्याला काढू द्यावा.

आता पहिली चिठ्ठी: सुरुवात कोठून करावी? चौकशीला सामोरा जाणारा कामगार बहुतेक वेळा 'मी बारा वर्षांपूर्वी कामाला लागलो' येथून आरंभ करतो. आम्ही त्याला विचारतो, "त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं काय घडलं?" तेथून हकिकत जिवंत होते. मागची बारा वर्षे वाया जात नाहीत. जेथे लागतील तेथे ती आपोआप आत येतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) पाहावी. तीत एक तरुण मास्तर नव्या शाळेवर रुजू होण्यासाठी धनगरांच्या वाडीकडे चालत निघतो. गावाचा इतिहास आधी कोणी सांगत बसत नाही. मास्तरला वाडी जशी कळत जाते तशी ती आपल्याला कळते. नवशिक्याने गोष्ट पुरी झाल्यावर तिचे पहिले पान झाकून दुसऱ्या पानापासून वाचून पाहावे. काही अडत नसेल, तर ते पान लेखकाच्या तयारीचे होते. वाचकाला त्याचे काम नाही.

दुसरी चिठ्ठी 'मी' आणि 'तो' यांची. साक्षीदाराला एक नियम असतो: जे पाहिले, ऐकले, सोसले तेवढेच सांगावे. मॅनेजरच्या खोलीत काय ठरले, हे दाराबाहेर उभ्या असलेल्या शिपायाने कसे सांगावे? 'मी'ने सांगावयाचे तर हा नियम पाळावा लागतो. त्याच्या मोबदल्यात वाचकाचा विश्वास मिळतो. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून १८९० पासून क्रमशः लिहिली. लेखक पुरुष, पण सारी हकिकत यमुनेच्या तोंडून येते. बायकांच्या स्थितीवर लेख लिहिणारे तेव्हाही होते. हरिभाऊंनी यमुनेला स्वतः बोलू दिले.

येथे आणखी एक शंका निघते: गुपित वाचकापासून शेवटपर्यंत लपवावे काय? बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या संग्रहातील 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा याचे उत्तर देते. गुपित काय, ते शीर्षकातच सांगून टाकले आहे. वाचकाला ठाऊक आहे, भोवतालच्या माणसांना ठाऊक नाही. म्हणून त्यांनी दाखविलेल्या प्रत्येक आपुलकीची धास्ती वाटते. वाचकाला दचकविणे एका वाक्यात संपते. त्याला बरोबर घेऊन भीतीतून चालविणे गोष्टभर पुरते.

तिसरी चिठ्ठी भाषेची. कामगार सांगतो, "डोळ्यापुढं अंधारी आली म्हणून खाली बसलो." कागदावर येते, 'कामाच्या वेळी बसलेला आढळला.' शब्द शुद्ध झाले आणि माणूस गुन्हेगार झाला! म्हणून पात्राची भाषा सुधारू नये. उद्धव शेळक्यांच्या 'धग' (१९६०) मध्ये निवेदन प्रमाण मराठीत आहे, पण कौतिक आणि तिच्या भोवतालची माणसे वऱ्हाडी बोलतात. भाऊ पाध्ये काही काळ आमच्याच कामगार चळवळीत होते. त्यांच्या 'वासूनाका'त (१९६५) निवेदन करणारा पोक्या स्वतःच नाक्यावरचा, म्हणून निवेदनही नाक्याचेच. त्या भाषेवरून मोठे वादळ उठले. दोन्ही रीती योग्य आहेत. मात्र कानाने न ऐकलेली बोली लिहू नये. चार शब्दांना हेल लावल्याने बोली होत नाही, तिची टवाळी होते. ऐकली नसेल तर साधे मराठी लिहावे.

चौथी चिठ्ठी सर्वांत अवघड, आणि तिचे उत्तर देताना आम्हांला आमची मान खाली घालावी लागते. ज्या कामगाराची गोष्ट आम्ही वाचली, त्याचे नाव आम्ही बदलले होते. परंतु प्रेस तीच, हात तोच, बोटे तीच. सभेत त्याच्या गावचा एक माणूस होता. अपघाताची गोष्ट त्याने गावी आईला कळविलेली नव्हती. ती आमच्या गोष्टीच्या पायाने तेथे पोहोचली. तो आमच्यावर रागावला नाही. "मीच सांगणार होतो, भाऊ, दिवाळीत," एवढेच म्हणाला. राग परवडला असता.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी पाळतो. माणूस ओळखू येणार असेल तर त्याला आधी विचारावे, आणि तो नको म्हणाला तर कागद बाजूला ठेवावा. दुसरे, केवळ नाव बदलून थांबू नये. धंदा बदलावा, गाव बदलावे, इजा बदलावी. मग राहते काय? घड्याळाकडे गेलेली ती नजर राहते. खरे तेच होते. तेवढे पकडता आले तर बाकीचे सारे बदलूनही गोष्ट खोटी होत नाही. आणि तेवढे निसटले तर जसेच्या तसे लिहूनही ती खरी होत नाही. वरील घटना येथे सांगण्यापूर्वी आम्ही त्या गृहस्थाची परवानगी घेतली आहे.

एवढ्याने कोणी लेखक होईल असे नाही. लिहिणे हे हाताचे काम आहे. ते करता करता येते, आणि पहिला माल थोडा नासतोच. मागच्या रांगेतल्या मित्रांना आमची विनंती एवढीच: आज घरी गेल्यावर एकाच माणसाचा एकच दिवस दोन पानांत लिहावा, त्या माणसासारख्याच कोणाला तरी वाचून दाखवावा, आणि तो "असं नव्हतं" म्हणाला तर त्याच्याशी वाद न घालता ऐकून घ्यावे. आणि पुढल्या वसंतात चिठ्ठीवर नाव अवश्य घालावे.