बंद गाडीची बॅटरी

मे महिना लागला कीं मुलुंड-बोरिवलीकडील कित्येक बिऱ्हाडें कोंकणांत किंवा घाटावर जातात. हल्लीं तर मुलीच्या अथवा सुनेच्या बाळंतपणासाठीं आजी-आजोबा सहा सहा महिने अमेरिकेंत जाऊन राहतात. निघतांना गॅस बंद होतो, तुळशीला पाणी घालण्याचें काम शेजाऱ्यांवर सोंपविलें जातें, दागिने बँकेंत पोंचतात. खालीं उभ्या असलेल्या मोटारीवर मात्र आवरण घातलें कीं आपलें कर्तव्य संपलें असें मानण्याचा प्रघात आहे. परत आल्यावर किल्ली फिरवावी, तों नुसता 'टक्' असा आवाज येतो! २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां रोज धांवणाऱ्या गाड्या आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहींत, आणि गाडी बंद ठेवणें हेंहि एक काम आहे हें पुष्कळांच्या ध्यानांत आलें.

गाडी उभी असली तरी तिचें वीज खाणें थांबत नाहीं. घड्याळ, चोराची सूचना देणारें यंत्र, दुरून किल्ली ओळखणारें कुलूप, हीं सर्व थोडीथोडी वीज घेतच असतात. समजा, हा खर्च ५० मिलिॲम्पियर आहे. ३० दिवसांत तो ३६ ॲम्पियर-तास होतो. आणि लहान मोटारीची बॅटरी पुष्कळदां ३५ ॲम्पियर-तासांचीच असते. सुस्थितींतील गाडीचा खर्च याहून कमी असतो हें खरें, परंतु त्यावर विसंबूं नये. शिवाय कांहीं न जोडतांहि बॅटरी आपोआप उतरतेच, व आपल्याकडील उन्हाळ्यांत अधिक वेगानें उतरते.

उतरली तर पुन्हां भरतां येईल, मग बिघडलें काय, असें कोणी विचारील. १८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाच्या पत्र्यांची व गंधकाम्लाची जी बॅटरी केली, तिचेंच तत्त्व आजच्या मोटारींत आहे. वीज खर्च होतांना पट्ट्यांवर शिशाच्या गंधकी क्षाराचा थर बसतो. ताबडतोब भरल्यास तो विरतो. आठवडेच्या आठवडे तसाच राहिल्यास त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि मग कितीहि वीज दिली तरी ते नीट विरत नाहींत. बॅटरी विश्रांतीनें मरत नाहीं, उपासानें मरते.

म्हणून गांवाला जाण्यापूर्वीं ती पूर्ण भरून घ्यावी व तिची ऋण तार सोडवावी. प्रथम ऋणच कां? गाडीचा सांगाडा ऋण टोकाशीं जोडलेला असतो. आधीं धन तार सोडवूं गेल्यास पाना सांगाड्याला लागून मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीभोंवतीं हायड्रोजन वायु असूं शकतो. परत जोडतांना ऋण तार शेवटीं जोडावी. नव्या गाड्यांत तार सोडविण्यापूर्वीं गाडीबरोबरची पुस्तिका पाहावी. कोणी घरीं राहणार असेल तर आठवड्यांतून एकदां अर्धा तास गाडी फिरवून आणणें उत्तम. जागच्या जागीं पांच मिनिटें इंजिन चालविण्याचा उपचार आमच्या मतें निरुपयोगी आहे.

काढून ठेवलेली बॅटरी दर महिन्यास मोजावी. कांहीं तास विसावल्यावर १२.६ व्होल्ट भरले तर ती भरलेली समजावी, १२.४ च्या खालीं जातांच चार्जरला लावावी. तें काम हवेशीर गॅलरींत करावें. स्वयंपाकघरांत किंवा देवापुढील समईजवळ कदापि नको. झांकणें असलेल्या बॅटरींत पाणी कमी झाल्यास दुकानांत मिळणारें बॅटरीचेंच पाणी घालावें, नळाचें नव्हे. सिमेंटच्या जमिनीवर बॅटरी उतरते हा जुना समज आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यांस लागू नाहीं. तरी ती उंच फळीवर ठेवण्यास आमची संमति आहे. पण कारण निराळें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तें पाणी उपनगरें विसरलेलीं नाहींत.

विजेच्या स्कूटरची लिथियम बॅटरी मात्र निराळ्या जातीची. ती पूर्ण भरून ठेवूं नये व अगदीं रिकामीहि ठेवूं नये. दीर्घ काळासाठीं निम्म्याच्या आसपास भरून थंड, कोरड्या जागीं ठेवावी. सप्टेंबर २०२२ मध्यें वसईस एका घराच्या दिवाणखान्यांत रात्रीं चार्जिंगला लावलेली अशी बॅटरी फुटली, आणि तेथें निजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा भाजल्यामुळें पुढें अंत झाला. घरचीं माणसें झोंपलीं असतां ती चार्जिंगला लावूं नये, तिचाच चार्जर वापरावा, आणि बिऱ्हाडाच्या एकुलत्या एक दाराशीं तर ती मुळींच ठेवूं नये. आग लागल्यास बाहेर पडण्याची वाटच बंद होते. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी घरांत आणूंच नये.

जुनी शिशाची बॅटरी दारावरच्या भंगारवाल्यास देण्याचा मोह होतो. तो ती फोडून आम्ल गटारांत ओततो कीं काय हें आपण पाहावयास जात नाहीं. आणि शिसें लहान मुलांच्या मेंदूस घातक आहे. नवी घेतांना जुनी विक्रेत्याकडेच परत द्यावी; पुष्कळ दुकानदार तिच्याबद्दल किंमतींत सूटहि देतात.