उदयपुरात खोली निवडताना

उदयपुरात जुन्या हवेलीतलं छोटेखानी हॉटेल शोधताना बहुतेकजण ‘लेक व्ह्यू’ या दोन शब्दांवर भाळतात आणि त्याचे जादा पैसे मोजतात. माझ्या मते आधी काठ ठरवावा. पिछोला तलावाच्या पूर्व काठावर सिटी पॅलेस आणि लाल घाट आहेत. इथून पाण्यापलीकडे सूर्यास्त दिसतो, पण राजवाड्याचा तलावाकडचा दर्शनी भाग पूर्ण दिसत नाही. तो पाहायचा तर पश्चिमेचा हनुमान घाट किंवा अंबराई घाट गाठावा. उतरत्या उन्हात तो अख्खा दर्शनी भाग उजळतो. शिवाय पिछोला मानवनिर्मित, पावसावर भरणारा. पावसाने ओढ दिली की उन्हाळ्यात काठ उघडे पडतात. म्हणजे मेमधली खोली ऑक्टोबरातल्या फोटोवरून ठरवणं धोक्याचंच.

कुणी म्हणेल, तलावासाठीच जायचं तर खिडकीत तलाव नको का? पण इथे बहुतेक हॉटेलांना गच्ची असते आणि ती सगळ्यांची. गणगौर घाटावर बसायलाही हॉटेलचं बिल भरावं लागत नाही. उलट हवेलीच्या आतल्या चौकाकडे तोंड असलेली खोली सहसा थंड आणि शांत. लग्नसराईत पाण्यावरून येणारा बँडचा आवाज तिथे कमी पोचतो. आक्षेपात तथ्य आहे ते गुडघेदुखीवाल्यांपुरतं: हवेलीचे जिने अरुंद, पायऱ्या उंच आणि लिफ्ट असेलच असं नाही. त्यांनी खालच्या मजल्यावरची तलावाकडची खोली खुशाल घ्यावी. मात्र गाडी दारापर्यंत येते का, हे फोन करून आधी विचारावं.